तीन आणि चारच्या मध्ये

शलाका मेश्राम, एम.एस्सी. नर्सिंग, दुसरं वर्ष,
मे महिन्यातल्या दुपारी अडीचला वॉर्ड तेवीसमध्ये आली
पॅडच्या चिमट्यात साठ कागद अडकवून.
बाहेर शेहेचाळीस डिग्री. नागपूर नुसतं भट्टीसारखं.
कूलरमध्ये पाणी टाकणारा मामा जागेवर नव्हता,
म्हणून बादली मीच उचललेली,
आणि ती माझ्यामागे: "सिस्टर, फक्त दहा मिनिटं."

तिचा विषय असा, की जानेवारीपासून
ड्यूटी बदलताना आम्ही टेबलाशी रजिस्टर वाचत नाही.
जाणारी आणि येणारी, दोघी खाटेपाशी उभ्या राहतो,
नावानं हाक मारतो,
त्याचं त्याच्यासमोर सांगतो, झोप किती, लघवी किती, ड्रेन किती,
आणि शेवटी विचारतो, "काही राहिलं का?"
यानं समाधान किती वाढलं ते मोजायचं,
त्यांचंही, आमचंही.
एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे पुरेपूर.

पहिला कागद तुळशीराम परात्यांचा.
पाचपावलीचे, चाळीस वर्षं हातमागावर.
नजर अधू, म्हणून तिनं वाचून दाखवलं,
नर्सनी तुमचं म्हणणं ऐकून घेतलं का?
"पोरी, लुगडं आमी हातानं मोजो, सूत बोटानं.
हे तू कायनं मोजतं?"
"आकड्यानं, काका."
"मंग पाच लिही. नाई, थांब.
परवा राती मी दोनदा आवाज देल्ला, कोनी आलं नाई.
तीन लिही.
पन तवा बाजूच्या पोराचा जीव चाल्ला होता
आन् हे माय एकटीच होती.
पाचच लिही."
शलाकाचं पेन हवेतच.
तिच्या कागदावर खोडाखोड चालत नाही.

माझा कागद मी रात्रपाळीत भरला.
अठ्ठेचाळीस खाटा, बावन्न पेशंट, चौघं खाली गादीवर.
प्रश्न बारा, पेशंटसाठी पुरेसा वेळ मिळतो का?
इथं मी हसले, मग दचकून इकडंतिकडं पाहिलं.
प्रश्न एकोणीस, नव्या पद्धतीनं
तुमच्या समाधानात कितपत फरक पडला?

पूर्वी मी म्हणायचे, सतराला सलाईन लाव.
सतराची सुट्टी. सतरा गेला.
चादर बदलली की सतरा पुन्हा कोरा.
चौदा वर्षं अशी घरी गेले, अंघोळ केली, जेवले.
आता मला माहीत आहे
की परात्यांना उजव्या कुशीवरच झोप लागते,
सुनेशी ते बोलत नाहीत
पण तिचा डबा आला का, हे तीनदा विचारतात.

आणि अठरावरचा सुबोध ढेंगरे,
वर्धा रोडवर बाईकवरून फेकला गेलेला, वय एकोणीस.
संध्याकाळी मी विचारलं, काही राहिलं का?
म्हणाला, "सिस्टर, गुरुवारी आयटीआयचा पेपर आहे न माझा."
रजिस्टरमध्ये हे कधी आलं नसतं.
पहाटे चारला तो गेला.
गुरुवारी बसस्टॉपवर पोरं उभी होती,
प्रत्येकाच्या हातात चिमट्याचा पॅड.
माझी बस आली, गेली.

तरी पुन्हा रजिस्टर वाचायला सांगाल
तर मी नाही वाचणार.
हे कुठल्या रकान्यात लिहू, बाई?

तीन आणि चारच्या मध्ये, रेघेवरच,
मी खूण केली.
दुसऱ्या दिवशी शलाका कागद घेऊन परत.
"सिस्टर, मधलं चालत नाही. मशीन वाचत नाही."
म्हटलं, मग मशीनला पाठव एक रात्र.
ती हसली नाही. बसली.
तिची आईसुद्धा नर्स होती म्हणे, गोंदियाला.
एवढंच बोलली, आणि खूण तशीच ठेवून गेली.

आठ वाजले. आम्ही दोघी सतरापाशी.
"तुळशीराम पराते?"
"हाव माय, हाओ अजून."
रात्री झोप तीन तास, ड्रेन चाळीस, ताप नाही.
"काही राहिलं का, काका?"
म्हाताऱ्यानं छताकडं बघत बराच विचार केला.
"कूलरमंदी पानी टाकाचं राह्यलं."